उच्च न्यायालय पणदऱ्यापासून किती दूर?

नीरा नदीच्या उत्तरेला बारामती तालुका आणि दक्षिणेला फलटण. नदी एक, ऊस एक, सोयरिकीही अलीकडच्या पलीकडे होणाऱ्या. परंतु १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि या नदीला एक नवेच न्यायालयीन महत्त्व प्राप्त झाले. सातारा जिल्हा कोल्हापूरला जोडला गेल्याने फलटणकरास उच्च न्यायालयासाठी आता कोल्हापूर गाठावयाचे आहे. पुणे जिल्ह्यातील पणदरेकराची वाट मात्र पूर्वीचीच, सुमारे अडीचशे किलोमीटरांवरील मुंबईची. बांधाच्या भांडणापायी, भूसंपादनाच्या मोबदल्यापायी ही वाट तुडविणारे लोक आमच्या भागात थोडे नाहीत. तारखा पडतात, माणसे जातात-येतात, प्रसंगी पिढीही बदलते. जमिनीच्या दाव्याला ते परवडते, कारण जमीन जागची हलत नाही.

ज्यांना दिवसांचाच काय, तासांचाही विलंब परवडत नाही अशा माणसांविषयी येथे लिहावयाचे आहे. दोन सज्ञान स्त्रिया किंवा दोन सज्ञान पुरुष परस्परांच्या ओढीने एकत्र राहू इच्छितात. घरच्यांना ते मान्य नसते. आणि मग धाक, मारहाण, कोंडून घालणे, घाईघाईने लावलेले लग्न यांपैकी एक वा सर्व उपाय योजले जातात. अशा जोडप्यांना न्यायालयाचे संरक्षण मिळू शकते काय, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने आता शिल्लक राहिलेला नाही. ते मिळाले पाहिजे आणि मागताक्षणी मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगून ठेवले आहे. शिल्लक आहे तो प्रश्न अंतराचा. आणि हे अंतर केवळ किलोमीटरांत मोजता येण्यासारखे नाही.

पणदरे हे गाव उदाहरणादाखल घेतो ते परिचयाचे म्हणून. असा प्रसंग तेथे घडला आहे असे मला सुचवावयाचे नाही. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेले आणि उसाच्या हिशेबावर चालणारे हे गाव. येथली मुलगी शिक्षणासाठी अथवा कामासाठी रोज बारामतीला जाते, ही गोष्ट आता कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही. समजा, अशा दोन मुली आहेत. एक तेवीस वर्षांची, दुसरी पंचवीस. (वये मुद्दाम सांगितली. अठराच्या आतील मुलामुलींचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी कायदाही वेगळा आहे, आणि त्याचा विचार या लेखात नाही.) धाकटीचे लग्न ठरत आले आहे. एके सकाळी दोघी पुण्याची एसटी धरतात. दुपारपर्यंत घरात कुजबुज, सायंकाळी शोधाशोध, आणि रात्री भावकीतले चौघे जण ठाण्यात. ‘मिसिंग’ दाखल होते. मोबाईलवरून ठावठिकाणा निघतो. दुसऱ्या दिवशी दोघींना परत आणले जाते. तेथे त्यांना कोणी कलमे विचारीत नाही. विचारतात ते बापाचे नाव, आणि ते कळल्यावर, ‘बापाच्या तोंडाकडं तरी बघायचं होतंस’ हे वाक्य येते. सज्ञान मुलीचा जबाब वडील, चुलते आणि गावातील दोन प्रतिष्ठित यांच्या समक्ष घेतला जातो. त्यात ‘मी रागाच्या भरात घर सोडले होते, आता आईवडिलांकडे राहण्यास माझी हरकत नाही’ अशी ओळ येते आणि तिच्याखाली सही होते. थोरलीवर मात्र फूस लावून पळवून नेल्याची, जमल्यास दागिने नेल्याचीही तक्रार तयार होते. ती वकील शोधून, पैसे जमवून मुंबईस पोचेपर्यंत पंधरा दिवस गेलेले असतात. आणि एवढ्या अवधीत आपल्याकडे लग्न लागते.

हे चित्र कल्पनेचे असले तरी त्यातील बहुतेक रेघा न्यायालयांच्या निकालपत्रांतूनच उचललेल्या आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या एका निर्णयात पंचवीस वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत आहे. पोलिसांनी तिला तिच्या इच्छेविरुद्ध आईवडिलांच्या स्वाधीन केले, घरी तिला मारहाण झाली, आणि ती ‘नीट’ व्हावी म्हणून काही विधीही करविण्यात आले. तिच्या सहचारिणीने न्यायालयात धाव घेतली तेव्हा अर्जात स्वतःचा उल्लेख केवळ ‘जवळची मैत्रीण’ असा केला होता. न्या. जी. आर. स्वामिनाथन आणि न्या. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या खंडपीठाने हा संकोच ओळखला, तो समजून घेतला आणि त्यापायी अर्ज फेटाळला नाही. खंडपीठाने त्या स्त्रीशी स्वतः बोलून तिची इच्छा विचारली. तिला सहचारिणीबरोबर जावयाचे होते. ती गेली. घरच्यांनी अडथळा आणू नये आणि पोलिसांनी दोघींना आवश्यक ते संरक्षण द्यावे, असा आदेश झाला. माणसाला जन्माने मिळालेल्या कुटुंबाखेरीज स्वतः निवडलेले कुटुंबही असू शकते, असेही न्यायालयाने त्यात नमूद केले.

त्याच न्यायालयात चार वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, मदुराईहून चेन्नईस आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण न्या. एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे आले होते. दोघींच्या घरच्यांनी त्या बेपत्ता असल्याच्या तक्रारी दिल्या होत्या आणि पोलीस मागावर होते. न्यायमूर्तींनी एक असे पाऊल उचलले की जे न्यायासनावर बसलेल्या माणसाकडून आपण सहसा अपेक्षीत नाही. या विषयाचे आपले ज्ञान अपुरे आहे हे त्यांनी उघडपणे मान्य केले, मानसशास्त्राच्या जाणकार व्यक्तीबरोबर बसून ते समजावून घेतले, आणि मगच ७ जून २०२१ चा तो विस्तृत आदेश दिला. सज्ञान व्यक्ती स्वेच्छेने समलिंगी जोडीदाराबरोबर राहत असल्याचे दिसून येताच पोलिसांनी ‘बेपत्ता’ची तक्रार बंद करावी, छळ करू नये, हे त्यात होते, समलिंगी माणसास उपचाराने ‘बदलून’ देण्याचा धंदा बंद करण्यासंबंधीही होते. त्याचा पाठपुरावा चालू राहिल्यामुळेच तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पोलिसांच्या वर्तणूक नियमांत नवा नियम घातला. समलिंगी वा तृतीयपंथी व्यक्तींना, तसेच त्यांच्या हितासाठी झटणाऱ्यांना, कोणत्याही पोलिसाने त्रास देता कामा नये असे तो नियम सांगतो. कायदेशीर चौकशीचा पोलिसांचा अधिकार मात्र त्याने अबाधित ठेवला आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही त्याच वर्षी असले ‘बदलाचे उपचार’ हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण ध्यानात घेतले पाहिजे. येथेही दोन सज्ञान स्त्रिया, येथेही घरच्यांकडून धमक्या. न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने त्यांना पोलीस संरक्षण देण्यास सांगितले. परंतु या दोघींचे झाले म्हणजे काम संपले, असे खंडपीठाने मानले नाही. अशी माणसे दारात आली असता त्यांच्याशी कसे वागावे याचे शिक्षण पोलिसांना दिले पाहिजे असे मत त्याने व्यक्त केले, आणि तमिळनाडूसारखी नियमदुरुस्ती महाराष्ट्रानेही विचारात घ्यावी असे सुचविले. पोलिसांची हजेरी घेणे सोपे असते, आणि टाळ्याही त्यालाच पडतात. खंडपीठाने त्याऐवजी नियमाची वाट दाखविली हे मला अधिक मोलाचे वाटते. कारण ठाणे अंमलदार हा काही दुष्ट मनुष्य नसतो. तो याच गावांतून आलेला, याच भावकीत वाढलेला असतो. समोर रडणारी आई आणि मान खाली घातलेला बाप दिसला की त्याच्यातला मुलगा, भाऊ, बाप जागा होतो. त्या क्षणी त्याच्यातला सरकारी नोकर जागा ठेवील अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे लेखी हुकूम.

लग्न नाही, पण संरक्षण आहे

येथे वाचकांच्या मनात एक गोंधळ संभवतो, तो दूर केला पाहिजे. ‘सर्वोच्च न्यायालयाने तर समलिंगी विवाह नाकारला, मग संरक्षण कसले?’ असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनीच विचारले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमातून सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना वगळले, हे बहुतेकांस स्मरत असते. (भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तीत ते कलमच नाही.) १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात विवाहाचा मूलभूत हक्क मान्य झाला नाही, हेही खरे, पुनर्विचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. परंतु त्याच निर्णयाचा दुसरा भाग वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आला नाही आणि म्हणून लोकांपर्यंत पोचला नाही. त्या वेळचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, जे मूळचे आपल्याच जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कनेरसरच्या घराण्यातले, त्यांनी आपल्या निकालपत्रात पोलिसांसाठी स्पष्ट सूचना लिहिल्या: केवळ नात्याची चौकशी करण्यासाठी अशा जोडप्यांना ठाण्यात बोलावू नये, त्यांना घरी परतण्याची सक्ती करू नये, त्यांच्यावर त्या नात्यावरून गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करावी. हे निकालपत्र अल्पमतातले होते असा आक्षेप कोणी घेईल. तो घेणाऱ्याने बहुमताच्या बाजूचे न्या. रवींद्र भट यांचे निकालपत्रही उघडून पाहावे. एकत्र राहण्याच्या अशा जोडप्यांच्या निवडीत कोणी ढवळाढवळ करू नये, त्यांना हिंसेचे वा जबरदस्तीचे भय राहू नये, आणि याची व्यवस्था राज्याने करावी, असे तेथेही म्हटले आहे. म्हणजे विवाहावर ज्यांचे मतभेद झाले त्यांचे संरक्षणावर एकमत होते.

११ मार्च २०२४ चा निर्णय याच्याही पुढचा आहे, आणि त्याची हकीकत मोठी बोलकी आहे. केरळातील एका स्त्रीने तक्रार केली की आपल्या सहचारिणीला तिच्या आईवडिलांनी अडकवून ठेविले आहे. केरळ उच्च न्यायालयाने त्या मुलीचे समुपदेशन करण्यास सांगितले. अर्जदार सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे एका न्यायिक अधिकाऱ्याकरवी त्या मुलीची एकांतात गाठ घेण्यात आली, आणि मुलीने सांगितले की मी माझ्या इच्छेनेच आईवडिलांकडे आहे. न्यायालयाने तिचा शब्द प्रमाण मानला. अर्ज फेटाळला गेला. अर्जदार रिकाम्या हाताने परतली.

परंतु तिच्या पराभवातून इतरांसाठी एक वाट तयार झाली. सरन्यायाधीश चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने अशा अर्जांसाठी सर्व न्यायालयांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. डांबून ठेवलेल्या व्यक्तीस हजर करण्याच्या अर्जाला अग्रक्रम द्यावा. अर्जदार ‘मैत्रीण’ म्हणते की ‘सहचारिणी’, याची उलटतपासणी करीत बसू नये. हजर केलेल्या व्यक्तीशी न्यायाधीशांनी दालनात बोलावे, घरचे वा पोलीस तेथे असू नयेत, आणि बोलणे गुप्त राहावे. ती व्यक्ती परत जावयाचे नाही म्हणाली तर तिला तेथल्या तेथे मोकळे करावे. तिचे मन वळविण्यासाठी समुपदेशनाचा आदेश देऊ नये. आणि संरक्षणाचा अर्ज आला, मग जोडपे समलिंगी असो, आंतरजातीय असो वा आंतरधर्मीय, तर ‘आधी धोका सिद्ध करा’ असे न म्हणता प्रथम तात्पुरते संरक्षण द्यावे, चौकशी मागाहून.

या हकीकतीतून एक गोष्ट लक्षात येते, आणि या विषयावरील पुष्कळसा वाद ती ध्यानात न घेतल्यामुळे होतो. न्यायालय येथे नात्याला आशीर्वाद देत नाही. ते एका सज्ञान व्यक्तीला, तिच्यावर ज्यांचा वचक आहे अशा साऱ्यांना खोलीबाहेर काढून, एवढेच विचारते की तुला कोठे जावयाचे आहे? उत्तर ‘आईकडे’ असेल तर ती आईकडे जाते. संरक्षण आहे ते त्या उत्तराला. ज्या आईवडिलांची खात्री आहे की मुलीला कोणी भुलविले आहे, त्यांनी तर या एकांतातल्या प्रश्नाचे स्वागत करावयास हवे. कारण खरोखरच भुलविले असेल तर ते बाहेर पडण्याची याहून चांगली संधी नाही. तरीही घरचे लोक त्या एकांतालाच भितात. यावरून काय समजावयाचे ते ज्याने त्याने समजावे.

आईबापांची बाजू

आईबापांची बाजू मांडल्याखेरीज हा विषय पुरा होणार नाही. खेड्यातल्या बापाला ज्याचे भय वाटते ते पाप नव्हे, ते लोक. धाकट्या मुलीचे लग्न कसे होईल, लग्नपत्रिका वाटावयास कोणत्या तोंडाने जावयाचे, पारावर बसल्यावर आपण येताच बोलणे थांबेल काय, ही त्याची भये आहेत, आणि ती खोटी नाहीत. शहरात बसून त्यांना हसणे सोपे आहे. मद्रासच्या त्या खंडपीठानेदेखील त्या मुलीच्या आईवर आग पाखडली नाही. प्रत्येक आई ही लीला सेठ नसते, अशा आशयाचे त्यांनी म्हटले. लीला सेठ या हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती होत्या आणि आपल्या मुलाच्या, लेखक विक्रम सेठ यांच्या, बाजूने जाहीरपणे उभ्या राहिलेल्या माता. पणदऱ्याच्या माउलीकडून ती अपेक्षा कोणी करीत नाही. कायदा तिच्याकडून प्रेमाची मागणी करीत नाही, संमतीचीही नाही. मुलीला कोंडू नये, मारू नये, तिचे जबरदस्तीने लग्न लावू नये, एवढेच तो म्हणतो. आणि हे तीनही गुन्हे मुलगी परजातीच्या मुलाबरोबर गेली असता जितके गुन्हे ठरतात तितकेच येथेही. ‘सैराट’ पाहताना शेजारच्या करमाळ्याच्या मातीतली ती गोष्ट म्हणून आपल्याकडे ज्यांनी डोळे पुसले, त्यांना हा मुद्दा नव्याने समजावून सांगण्याची गरज पडू नये.

काही घरांत मारहाणीच्या आधी देवऋषी येतो. अंगात आले आहे, बाहेरची बाधा आहे, असे ठरते. याविषयी महाराष्ट्राजवळ २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे; भूत उतरविण्याच्या नावाखाली मारणे, धूर देणे हा त्याखाली गुन्हा आहे. डॉक्टरकडे नेले तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की समाजाच्या नीतिकल्पनांशी न जुळणारे वागणे एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरविता येत नाही. हे दोन्ही कायदे प्राध्यापकांच्या चर्चेत असतात. ज्या ओसरीवर त्यांची गरज पडते तेथे त्यांचे नावही पोचलेले नसते.

हा विषय मराठी माणसाला परका आहे, पाश्चात्यांकडून आला आहे, हा समज तर अगदीच टिकणारा नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात मराठी वाचक आपल्या शंका पत्राने विचारीत; त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीच्याही असत. तसल्या प्रश्नोत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. म्हणजे हा प्रश्न महाराष्ट्रातल्या न्यायालयाच्या पायरीशी आला त्यालाही आता नव्वद वर्षे उलटून गेली आहेत. पुढे १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगमंचावर आले. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या पुण्यातील महाविद्यालयात शिकणारी सुमित्रा दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. तिच्या पत्रांचा तिच्याविरुद्ध हत्यारासारखा उपयोग केला जातो. अखेर ती जीव देते. त्या नाटकाच्या वेळी अभिरुचीची चर्चा पुष्कळ झाली. आज ते वाचताना मला वेगळेच काही जाणवते. साऱ्या नाटकात सुमित्रेला जाण्यासाठी जागा नाही. एक मित्र आहे, तोही बिचारा दुबळा. पत्रे लांबविणाऱ्या माणसाविरुद्ध ती कोणाकडे जाणार? त्या काळी ती ठाण्यात गेली असती तर तीच आरोपी ठरती.

आजची सुमित्रा आरोपी ठरत नाही, एवढे अंतर आपण कापले आहे. ‘पोटदुखीस कंटाळून विवाहितेची आत्महत्या’ या आपल्या वृत्तपत्रांतील ठरावीक चौकटीमागे काय काय दडलेले असेल, हे मात्र कोणी शोधावयास जात नाही. आम्ही लिहिणारेही नाही.

बारामतीतच काय होऊ शकते

उच्च न्यायालयाची वाट लांब आहे, हे सुरुवातीस म्हटले. संरक्षणाचा आदेश आणि डांबलेल्या व्यक्तीस हजर करण्याचा आदेश राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली देण्याचा अधिकार तेथेच आहे. परंतु सगळेच दरवाजे मुंबईत आहेत असे मानण्याचे कारण नाही, आणि ही गोष्ट आपल्याकडील वकीलमंडळींनी अधिक मोठ्याने सांगावयास हवी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०० (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच ९७ होते) प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यास, तसेच उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपल्या बोलण्यातल्या प्रांतसाहेबांस, असा अधिकार देते की एखाद्या व्यक्तीस बेकायदा कोंडून ठेवले आहे असे मानण्यास कारण असेल तर त्यांनी झडतीचे वॉरंट काढून तिला आपल्यापुढे हजर करवावे. बारामतीला न्यायालय आहे, प्रांत कार्यालय आहे. पणदऱ्याहून सकाळची गाडी धरली तर कचेरी उघडण्यापूर्वी माणूस तेथे पोचतो.

आजवर या कलमाचा उपयोग पुष्कळदा उलट दिशेने झाला आहे: जावयाने मुलगी कोंडली आहे असे सांगून बापच अर्ज करतो आणि स्वखुशीने गेलेली मुलगी परत आणवितो. कलम जुने आहे, दोन्हीकडे चालते. ती व्यक्ती हजर झाल्यावर तिला कोठे आणि कोणाच्या समक्ष विचारले जाते, यावर सारे अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलेली पद्धत, म्हणजे दालनातला एकांत, नात्याची चिरफाड न करणे आणि उत्तर मिळताच मोकळीक, तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांनी अंगीकारण्यास काडीचीही आडकाठी नाही. त्यासाठी नवा कायदा नको, अनुदान नको, इमारत नको.

वकिलाचा खर्च हीदेखील अडचण नसावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाखाली कोणत्याही स्त्रीला, तिचे वा तिच्या बापाचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या पुरुषांनाही मिळतो, इतर बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते, आणि १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर देशात कोठूनही चौकशी करता येते. महाविद्यालयाच्या फलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी हा क्रमांक लावावयास कोणा प्राध्यापकाला कोणाची परवानगी लागणार आहे? कोणती मुलगी तो टिपून घेते हे पाहत मात्र कोणी तेथे उभे राहू नये.

ठाण्यापुरती अपेक्षा त्याहून थोडी आहे. ‘मिसिंग’ दाखल झालेली व्यक्ती सज्ञान निघाली आणि मी स्वखुशीने गेले आहे असे म्हणाली, की तिचा जबाब नातलगांच्या गैरहजेरीत घ्यावा, ती सुखरूप असल्याचे घरी कळवावे, तिचा पत्ता मात्र कळवू नये, आणि कागद बंद करावा. गावात तंटामुक्ती समिती आहे, पोलीस पाटील आहेत, समजूत घालणारी वडीलधारी मंडळी आहेत. त्यांची उपयुक्तता मी नाकारीत नाही. त्यांनी आईबापांची समजूत घालावी. मुलीची समजूत घालण्याचे काम त्यांच्याकडे कोणी दिलेले नाही.

आणि एक बारीकशी बाब, जी कारकून मंडळींच्याच हातात आहे. आपल्या न्यायालयांत प्रकरण निघाले की शिपाई दारात येऊन पक्षकारांच्या नावांचा पुकारा करतो. व्हरांड्यात तालुक्याच्या गावोगावची माणसे बसलेली असतात. नाव आणि गाव ऐकले की कोणाची कोण हे त्यांना लागलीच कळते, आणि साहेबांपुढे कागद जाण्यापूर्वी बातमी घरी पोचलेली असते. अशा अर्जापुरता तरी तो पुकारा होऊ नये. अर्जदाराला खुणेने आत बोलवावे.